मातीचा पंचनामा कोण करणार?



सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत सीना नदीने काय केले, ते करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या माणसांना सांगायला नको. अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडचे पाणी आणि आपल्याकडचा पाऊस एकाच वेळी नदीत उतरला. लांबोटीला पुणे-सोलापूर रस्ता बंद पडला. काठच्या रानांतली उभी पिके गेलीच, पण पुष्कळांचे रानच गेले. काल जिथे काळी होती तिथे आज मुरूम आणि गोटे.

मग पंचनामे झाले आणि ७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारने मदत जाहीर केली. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि जमीन पुन्हा उभी करायला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंत, असा तो आकडा होता. मदत कुणाला मिळाली, किती मिळाली, कधी मिळाली, हा वेगळा विषय आहे. मला आज त्या तीन लाखांचा हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे.

एक हेक्टर रानात एक फूट माती भरायची तर सुमारे तीन हजार घनमीटर माती लागते. आपल्या भाषेत एक हजार सत्तर-ऐंशी ब्रास. तीन लाखाला हजाराने भागा. ब्रासला तीनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यातच खोदाई, त्यातच भरणी, त्यातच वाहतूक. आज तीनशे रुपयांत ब्रासभर काळी माती बांधावर आणून टाकणारा कुणी असेल तर त्याचा पत्ता मला द्यावा. बरे, आणून टाकली तरी ती पहिली माती होत नाही. तिच्यात पहिला कस नसतो आणि पहिल्यासारखी ओल धरत नाही. ती घडी बसायला वर्षे जातात.

हा हिशेब मांडायचे कारण एवढेच, की सरकारने पहिल्यांदा उघडपणे कबूल केले आहे: एक हेक्टर माती गेली तर लाखांत नुकसान होते. ठीक आहे. मग माझा पुढचा प्रश्न आहे. नदीने एका रात्रीत नेलेल्या मातीचा पंचनामा होतो. पण सीनेपासून चार-पाच मैल दूर, माळाखालच्या मध्यम रानातून दर पावसाळ्यात पापुद्रा-पापुद्रा करून जी माती जाते, तिचा पंचनामा कोण करतो? तलाठी येतो का? फोटो निघतो का? ती माती जाते आणि सातबारावर क्षेत्र तेवढेच राहते. पाच एकराचे पाच एकरच. फक्त आजोबाच्या काळात दोन हात खोल असलेली काळी नातवाच्या काळात वीतभर उरते.

ब्रासचा हिशेब

माती मिलिमीटरने जाते म्हणून डोळ्याला दिसत नाही. म्हणून ती ब्रासमध्ये मोजू.

एक एकर रानावरून फक्त एक मिलिमीटर जाडीची माती गेली, म्हणजे पोस्टकार्डाच्या चार-पाच पानांइतका थर गेला, तर ती चार घनमीटर होते. जवळजवळ दीड ब्रास. वजनाने पाच टन. तुमच्या रानातून रात्री कुणी दीड ब्रास माती ट्रॉलीत भरून नेली तर सकाळी तुम्ही चौकीत जाल. पाऊस नेतो तेव्हा आपण "यंदा पाऊस बरा झाला" म्हणतो.

देशात सरासरी किती माती जाते याचा एक अंदाज ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला. हेक्टरी वर्षाला सोळा टनांच्या वर. हा देशभराच्या सगळ्या जमिनींचा सरासरी अंदाज आहे, तो तुमच्या गटाचा आकडा नव्हे. कुठे याच्या निम्मी जाईल, कुठे दुप्पट. पण अंदाज म्हणून धरला तर एकरी साडेसहा टन होतात. तीस वर्षे, म्हणजे एका माणसाच्या शेती करण्याच्या हयातीत, दीड इंच. ज्याच्या रानात फूटभर मातीखाली मुरूम आहे, त्याने एका हयातीत आपल्या जमिनीचा आठवा हिस्सा घालवला. त्याने विकला नाही, गहाण टाकला नाही, वाटणीत दिला नाही. नुसता गेला.

आणि जातो तो वरचा थर. शेणखत, पालापाचोळा, नत्र, सगळे त्या वरच्या चार बोटांत असते. शिवाय आपली रब्बीची ज्वारी पावसावर येत नाही, ती ओलीवर येते. मातीच मालदांडीची पाण्याची टाकी आहे. इंचभर काळी माती पिकाला साधारण चार-पाच मिलिमीटर ओल देते. टाकीची उंची दर वर्षी कमी होत असेल, तर पुढे कधीतरी पाऊस तेवढाच पडूनही कणीस भरत नाही. मग आपण म्हणतो, पाऊसमान बदलले. पाऊसमान बदलले आहेच, पण टाकीही लहान झाली आहे.

नकाशे आहेत, पण कुणासाठी?

या मातीचा पंचनामा व्हायचा असेल तर त्याला एकच हत्यार आहे: धुपीचा नकाशा. कोणत्या गावात, कोणत्या शिवारात, कोणत्या गटात माती जास्त जाते हे रंगवून दाखवणारा कागद. तुम्ही म्हणाल, असे नकाशे नसतील का? आहेत. केंद्र सरकारचे माती व भूमी वापर सर्वेक्षण खाते १९५८ पासून आहे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, तिथेच राज्याचे सुदूर संवेदन केंद्रही आहे. भूजल खात्याने साऱ्या राज्याचे दीड हजारावर पाणलोट पाडले आहेत. विद्यापीठांतली मुले संगणकावर बसून अख्ख्या नदीखोऱ्याचे धूप-नकाशे काढतात. ज्ञानाचा दुष्काळ नाही. प्रश्न असा, की नकाशा काढणाऱ्याने कुणाचे नुकसान मोजायला घेतले होते?

खोऱ्याखोऱ्यांतले पाणलोट तपासून "इथे आधी काम करा, तिथे नंतर" अशी क्रमवारी लावण्याचे काम देशात सुरू झाले ते मोठ्या धरणांसाठी. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून नदीखोरे प्रकल्पांच्या वरच्या अंगाला मृद्‌संधारण सुरू झाले, आणि पाणलोटाला गुण द्यायचे ते एका प्रश्नावरून: इथून धरणात गाळ किती येईल? प्रश्न चुकीचा नाही. उजनी गाळाने भरली तर आपलेच नुकसान आहे. पण या प्रश्नाने नंबर लावला की धरणाच्या खालच्या अंगाचे गाव मागे पडते, आणि ज्या रानाची माती धरणापर्यंत न पोचता मध्येच बसते तेही मागे पडते.

आता त्याच १९८३ च्या अंदाजातला दुसरा आकडा ऐका. देशात जेवढी माती जागची हलते, तिच्यातली सुमारे दहा टक्के धरणांत बसते. एकोणतीस टक्के समुद्रात जाते. उरलेली एकसष्ट टक्के एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी पडते: तुमच्या रानातून खालच्याच्या बांधाला, बांधावरून ओढ्यात, ओढ्यातून पाझर तलावात. धरणाच्या हिशेबाने ती माती कुठे गेलीच नाही. पण ज्याच्या रानातून ती उठली त्याच्या हिशेबाने ती शंभर टक्के गेली. जो नकाशा दहा टक्क्यांवर डोळा ठेवून काढला, तो एकसष्ट टक्क्यांच्या धन्याला न्याय देईल, ही अपेक्षा कशी करायची?

उजनी १९८० साली उभी राहिली. तिचे पाणलोट बहुतेक पुणे आणि नगरच्या अंगाला. बार्शीच्या पूर्वेला बालाघाटाच्या कडेवरून भोगावतीकडे उतरणारी राने, अक्कलकोटची बोरीकाठची राने, सांगोल्याची माणकाठची माळराने, सीनेचे दोन्ही काठ, ही सारी उजनीच्या भिंतीच्या खाली किंवा बाजूला पडतात. भीमेचे खोरे सत्तर हजार चौरस किलोमीटरचे. त्यात आपली माती कुणाच्या खात्यावर लिहायची?

नकाशा कोणत्या महिन्यातला?

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

धुपीचा अंदाज काढायचे एक सूत्र जगभर वापरतात. विशमायर आणि स्मिथ या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते १९६५ साली मांडले आणि १९७८ साली सुधारले. त्यात पाच गोष्टींचा गुणाकार असतो: पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उताराची लांबी आणि चढ, जमिनीवरचे पांघरूण आणि बांधबंदिस्ती. गुणाकार आहे हे ध्यानात ठेवा. बेरजेत एक आकडा चुकला तर थोडे चुकते. गुणाकारात एक आकडा तिप्पट चुकला की उत्तर तिप्पट चुकते. यातल्या चौथ्या आकड्यात, पांघरुणात, उघड्या नांगरलेल्या रानाला १ धरतात. पीक उभे असेल तर त्याहून पुष्कळ कमी.

आता पांघरुणाचा आकडा कुठून आणतात? उपग्रहाच्या चित्रावरून. आणि उपग्रहाचे स्वच्छ चित्र कधी मिळते? ढग नसताना. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीत. त्या वेळी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, मोहोळ-बार्शीच्या शिवारात काय असते? गुडघाभर, कमरेएवढी हिरवीगार ज्वारी. संगणक खूश होतो. "पिकाखालील क्षेत्र" असा शिक्का मारतो आणि धुपीच्या रंगात त्याला फिकट रंग देतो.

पण भावांनो, डिसेंबरात धूप होते का? आपल्या जिल्ह्यात पाऊस पडतो जून ते ऑक्टोबर, त्यातही सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर. आणि ज्वारीची पेर कधी? सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे. म्हणजे ज्या चार महिन्यांत पाणी पडते त्या चार महिन्यांत रब्बीचे रान उघडे असते. नुसते उघडे नाही. तण होऊ नये म्हणून आपण त्याला तीन-चार पाळ्या घालून भुसभुशीत केलेले असते. अशा रानावर सप्टेंबरात तासाला दोन-दोन इंचांचा धो-धो पाऊस आला की ओघळीचे पाणी चहासारखे होऊन निघते. सूत्राच्या भाषेत त्या दिवशी त्या रानाचे पांघरूण १ आहे. नकाशात ते जानेवारीचे लिहिलेले आहे.

कपाशीचे दुखणे थोडे निराळे. ती पावसाळ्यात असते, पण जुलै-ऑगस्टपर्यंत दोन ओळींमध्ये माती उघडीच. झाड झाडाला भिडायला सप्टेंबर उजाडतो. उताराच्या दिशेने ओळी धरल्या असतील तर प्रत्येक सरी म्हणजे एक ओघळ. "कापूस: पिकाखालील क्षेत्र" एवढ्या शेऱ्याने यातले काहीच कळत नाही.

हे मी हवेतले सांगत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटने १९७६ पासून काळ्या भारी जमिनीवर शेजारी-शेजारी दोन पाणलोट ठेवून मोजमाप केले. एकात आपल्यासारखी पावसाळी पड आणि नंतर रब्बी. दुसऱ्यात रुंद वरंबे, पाणी काढून द्यायला गवताचे पाट आणि पावसाळ्यातच पीक. पडीच्या बाजूने वर्षाला हेक्टरी सहा टनांहून जास्त माती गेली, दुसऱ्या बाजूने दीड टनाच्या आसपास. माती तीच, पाऊस तोच, उतारही मामुली. फरक पांघरुणाचा आणि बांधणीचा.

यावर कुणी म्हणेल, "मग शेतकरी पावसाळ्यात रान मोकळे का ठेवतो? अडाणी आहे म्हणून." याचे उत्तरही त्याच संस्थेकडे आहे. १९७५ पासून तिने मोहोळ तालुक्यातले शिरापूर आणि उत्तर सोलापुरातले कळमण ही दोन गावे वर्षानुवर्षे अभ्यासली. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यात जून-जुलैचा भरवसा नाही. भारी जमीन पुरती भिजल्याशिवाय पेरता येत नाही आणि भिजली की चिखलात शिरता येत नाही. अशा ठिकाणी खरिपाची बी-भरणी पाण्यात घालण्यापेक्षा ओल साठवून हक्काची ज्वारी आणि कडबा घेणे, हा हिशेबी माणसाचा निर्णय आहे. त्याला नावे ठेवू नका. पण या निर्णयाची किंमत माती मोजते, आणि तीच नकाशात दिसत नाही. ढगातून पाहणारे रडारचे उपग्रह आता आहेत. पावसाळ्यातले चित्र मिळत नाही ही सबब संपली.

उतार दिसतो, बांध दिसत नाही

दुसरी अडचण मापाची. अडीच लाखाला एक या मापाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. तुमचे पाच एकराचे रान त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होते, पेन्सिलीच्या टोकाखाली झाकून जाईल एवढे. अशा नकाशावरून राज्याचे धोरण ठरवता येते, गावात काम कुठे करायचे ते ठरत नाही.

संगणकाच्या नकाशात उंची उपग्रहावरून घेतात, आणि नेहमीच्या वापरातल्या आकड्यांचा एक घर तीस मीटरचा असतो. आपल्या काळ्या रानाचा उतार शेकडा एक. म्हणजे तीस मीटरला एक फूट. आणि त्या आकड्यांतली चूक काही मीटरची असू शकते! डोंगरकडा त्यात बरोबर दिसते. पण आजोबांनी घातलेला दोन फुटी ताल, फुटलेला सांडवा, शेजाऱ्याने वळवलेला पाट, हे काही दिसत नाही. मग काय होते? चढाचा भाग तेवढा लाल दिसतो आणि सपाट दिसणारी काळी हिरवी ठरते. खरे तर लांबच लांब मामुली उतारावर पाणी जोर धरत जाते आणि खालच्या तिसऱ्या-चौथ्या रानात ओघळ पाडते. ते नांगरणाऱ्याला ठाऊक असते.

दोष कुणाचा?

धुपीचा विषय निघाला की कचेरीत एक वाक्य ठरलेले: "आम्ही बांध घालतो, शेतकरी फोडतो." या वाक्याचा सोक्षमोक्ष लावला पाहिजे.

सोलापूर या विद्येचे आजोळ आहे. १९३३ साली इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि उतारावर वाफे पाडून किती पाणी, किती माती वाहते हे मोजणाऱ्या देशातल्या पहिल्या जागांपैकी ही एक. पुढे १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला आणि त्याखाली हजारो एकरांवर समपातळी बांध पडले. हलक्या आणि मध्यम रानात ते चांगले चालले. भारी काळ्या रानात मात्र बांधाच्या वरच्या अंगाला आठ-आठ दिवस पाणी तुंबले, पीक पिवळे पडले, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पहिल्या पावसात तो फुटला. भारी जमिनीला ढाळीचे बांध हवेत, जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे, हे शास्त्रज्ञांनीही नंतर सांगितले. ज्या शेतकऱ्याने पीक बुडते म्हणून बांधाला वाट करून दिली, तो शास्त्रज्ञाच्या आधी तेच सांगत होता. त्याचे म्हणणे कुणी लिहून घेतले नाही. जमीन पाहून बांध घातला असता तर तो फोडायची गरज पडली नसती.

आणि पैशाचे काय? बांधबंदिस्ती, सांडवा, दर वर्षीची दुरुस्ती, हा खर्च ज्वारीच्या आणि कापसाच्या भावातून निघाला पाहिजे. जो माल पिकवायच्या खर्चालाही पुरत नाही, त्यातून माती राखायचे पैसे कुठून येणार? ज्याला यंदाचे व्याज भरायचे आहे त्याला तीस वर्षांनंतरच्या दीड इंचाची चिंता शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे.

माथा सोडून पायथा

पाणी वरून खाली येते, म्हणून कामही वरून खाली करायचे: माथा ते पायथा. हे प्रत्येक सरकारी पुस्तिकेत छापलेले आहे. गावात मात्र काम पहिल्यांदा नाल्यात दिसते. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आले, तेव्हा गावोगाव काय दिसले? नाल्यात उतरलेली यंत्रे. खोलीकरण, रुंदीकरण. नाला सरकारचा, तिथे कुणाची संमती लागत नाही, यंत्राचे तास मोजून बिल निघते. माथ्यावरच्या चाळीस खातेदारांच्या रानात बांधबंदिस्ती करायची तर चाळीस घरी जावे लागते.

परिणाम असा की वरची माती खोल केलेल्या नाल्यात येऊन बसते. २०१७ साली सरकारने "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आणली. तेव्हाच्या नियमाने तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहून रानात टाकायचा. योजनेला माझा विरोध नाही, गाळाने रान सुधारते हे खरे आहे. पण जरा तिच्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. आपलीच माती, आपल्याच रानातून फुकट गेली, आणि ती परत आणायला तेव्हा आपणच ट्रॉलीचे भाडे भरायचे. शिवाय ज्याची गेली त्यालाच ती मिळते असेही नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि ज्याचे रान तलावाजवळ आहे, त्याला मिळते. माथ्यावरचा हलक्या रानाचा धनी, ज्याची माती आधी गेली, तो नुसता बघत राहतो.

आपला नकाशा आपण काढू

मग काय करायचे? सरकारने नकाशा काढावा ही मागणी आहेच, पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. ज्या गोष्टी उपग्रहाला दिसत नाहीत त्या तुम्हाला दिसतात.

गावाचा गट-नकाशा तलाठ्याकडून घ्या. शाळेच्या पडवीत तो जमिनीवर अंथरा. म्हातारी माणसे बसवा आणि खुरपणीला जाणाऱ्या बाया आवर्जून बसवा. कोणत्या रानात खुरपे लगेच मुरमाला लागते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. मग पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी शिवारातून माथ्यापासून ओढ्यापर्यंत चाला. पाच खुणा बघा. एक, ओघळी: बोटभर, वीतभर की पुरुषभर. दोन, बांधाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या रानाच्या पातळीतला फरक. तो जितका जास्त तितकी माती वरून सरकली. तीन, वरती चुनखडीचे पांढरे खडे किंवा मुरूम उघडा पडला आहे का. चार, बांधावरच्या जुन्या झाडांची मुळे किती उघडी आहेत. पाच, सप्टेंबरच्या पंधरवड्यात रानावर काय होते: पीक, तण की नुसती पाळी घातलेली माती.

यावरून प्रत्येक गटाला तीन रंगांतला एक द्या: तांबडा, पिवळा, हिरवा. आणि ज्याचे रान आहे त्याला तिथेच विचारा, त्याला रंग पटतो का. वाद होईल. होऊ द्या. वादातूनच नकाशा बरोबर होतो.

तांबड्या गटांत काय करता येते? भारी रानात ढाळीचे बांध आणि पक्का सांडवा. हलक्या रानात समपातळी बांध आणि त्यावर मारवेलसारखे गवत. रब्बीच्या पडीत जुलै-ऑगस्टमध्येच सारे ओढून चौकोनी वाफे. सोलापूरच्या कोरडवाहू केंद्राची ही जुनी शिफारस आहे, तिने पाणी जागीच मुरते आणि ज्वारीला ओल मिळते. जिथे पाऊस साथ देईल तिथे पडीवर मूग, उडीद, हुलगा, मटकी. नाही साधले तर कुणी त्याला दोष देऊ नये. कपाशीच्या ओळी उताराला आडव्या. यातले पुष्कळसे तुम्हाला ठाऊक आहे. नाही ते एवढेच, की हे सारे एकट्याने आपल्या रानात करून उपयोग नाही. वरच्याने पाणी सोडले तर खालच्याचा बांध टिकत नाही. म्हणून नकाशा सगळ्या शिवाराचा हवा.

एक सावधगिरीचा इशाराही देतो. नकाशा दुधारी असतो. जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग पाडतात. पहिले चार शेतीलायक, पुढचे चार शेतीला अयोग्य. उद्या तुमच्या माळरानाला सहावा-सातवा वर्ग लागला आणि "इथे शेती करू नका, इथे कर्ज नाही" असा शेरा पडला, तर ज्याची माती आधी गेली त्यालाच दुसऱ्यांदा शिक्षा होईल. धुपीचा रंग हा मदतीचा नंबर लावण्यासाठी आहे. तो पत कमी करण्यासाठी वापरू देता कामा नये.

बैठकीपुढच्या मागण्या

जिल्हा बैठकीत मांडण्यासाठी मी चार मागण्या लिहून ठेवतो. त्यांत भर घाला, काटछाट करा.

पहिली: सीना, भोगावती, बोरी, माण आणि भीमेच्या काठच्या प्रत्येक गावाचा धुपीचा नकाशा गटवार काढावा, आणि त्यात रानाचे पांघरूण जून ते सप्टेंबरचे धरावे.

दुसरी: तो नकाशा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा, भिंतीवर लावावा, आणि सातबारावर हरकत घेता येते तशी त्यावर हरकत घेता यावी. जागेवर येऊन तपासल्याशिवाय कोणताही रंग कायम करू नये.

तिसरी: मृद्‌संधारणाचा पैसा तांबड्या गटांपासून, माथ्यापासून खर्च व्हावा. माथ्याचे काम पुरे झाल्याचा दाखला ग्रामसभेने दिल्याशिवाय नाल्यात यंत्र उतरू नये.

चौथी: माती गेल्यावर हेक्टरी तीन लाख देऊ म्हणणाऱ्या सरकारने माती जाण्याआधी किती देणार ते सांगावे. शेतकरी आपल्या रानात जी माती अडवतो तिच्यामुळे खालचे तलाव आणि बंधारे वाचतात. त्या कामाची मजुरी त्याला मिळाली पाहिजे, अनुदानाची मेहेरबानी म्हणून नको.

या मागण्या पुऱ्या व्हायला वेळ लागेल. पण पाऊस कुणासाठी थांबत नाही. येत्या बैठकीला प्रत्येक गावाने आपला गट-नकाशा बरोबर आणावा. रंगवलेला असेल तर उत्तम, कोरा असेल तरी चालेल, तिथे बसून रंगवू. पन्नास गावांचे पन्नास कागद एकाशेजारी एक अंथरले, की आपल्या खोऱ्याची माती कुठून जाते याचा पहिला पंचनामा तयार होईल. तो घेऊन मग आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.